थोरली काच, धाकटी काच

५ फेब्रुवारी

ताई,

तीर्थरूप वगैरे लिहायला घेतलं होतं, पण पेन अडलं. म्हणून नुसतं ताई. त्यात प्रेम शोधत बसू नकोस, ती जिभेची सवय आहे.

तुझं पत्र मिळालं. पाकीट आधी उजेडात धरून पाहिलं. वाटलं, आईबद्दल काही असेल. इतक्या वर्षांनी बहीण पत्र लिहिते म्हणजे काहीतरी तसंच असणार. आणि आत काय, तर काच. "बाबांची लाल गाडी बाहेर काढतोय. कंपनीच्या नव्या मॉडेलच्या समारंभात मी स्वतः चालवणार आहे. पुढे पूर्ण काच लावावी की वाऱ्याची पट्टी? यातलं तुझ्याइतकं कुणाला कळत नाही." शेवटचं वाक्य वाचून मी एकटीच हसत बसले. बाबांचा कारखाना, नाव आणि साचे कंपनीच्या घशात घातलेस तेव्हा तुला माझ्याइतकं कळणारं कुणी आठवलं नव्हतं.

विचारलंच आहेस तर सांगते. कामाच्या बाबतीत मी खोटं बोलत नाही. तो गुण वाटणीत माझ्याकडे आला.

पूर्ण काच म्हणजे चौकट आली, वायपर आला, वजन आलं. उघड्या गाडीचं तोंड जरा बोजड दिसतं. वारा वरून जातो आणि मागून वळून मानेवर चापट मारतो, पण डोळे शाबूत राहतात आणि पावसात समोरचं दिसतं. पट्टी म्हणजे स्टीअरिंगच्या पुढे बसवलेला, वीतभर उंचीचा, वाकवलेला अॅक्रिलिकचा तुकडा. दिसायला देखणी, वजनाला काही नाही. पण पट्टी वारा अडवत नाही, फक्त वर ढकलते. माप बरोबर असेल तर तो डोक्यावरून जातो. दोन बोटं चुकलं तर थेट नाकातोंडात. म्हणून तर बाबा चालवणाऱ्याला गाडीत बसवल्याशिवाय पट्टी कापायचे नाहीत. तिच्या काठाला लोकरीचे धागे चिकटवायचे, समोरून तो मोठा पंखा सोडायचे आणि धागे कुठे उडतात ते कमरेत वाकून बघत राहायचे.

तू ताडमाड वाढलीस, मी बुटकी राहिले, म्हणून पूर्ण काच झाली थोरली आणि पट्टी झाली धाकटी. गिऱ्हाईक दारात आलं की बाबांचा पहिला प्रश्न, "थोरली बसवू की धाकटी?" तो दातांचा डॉक्टर आठवतो? आपल्या दोघींकडे बघून लाजत म्हणाला होता, "माझं लग्न झालंय हो." बाबा नंतर कितीतरी दिवस तो किस्सा येईल त्याला ऐकवत होते.

तर सल्ला असा, की तुझ्या उंचीच्या बाईनं थोरली बसवावी. कुणाकडूनही करून घे. माझ्याकडून नको. मी हल्ली बसच्या आणि ट्रकच्या काचा बदलते. माझं बरं चाललंय, आणि तू ते विचारलेलं नाहीस.

धाकटी
(माणूस. पट्टी नव्हे.)


१९ फेब्रुवारी

ताई,

तुझं दुसरं पत्र आलं, आणि सोबत समारंभाची पत्रिका. जाड कागद, वर सोनेरी अक्षरं.

तू लिहितेस की थोरली चालणार नाही, नवं मॉडेल फक्त पट्टीचं आहे, त्यामुळे बाबांच्या गाडीलाही पट्टीच हवी. इथवर ठीक. धंदा आहे, होतं असं. पण पत्रिकेच्या मधोमध तुम्ही काय छापलंय? "संस्थापकांचे अखेरचे शब्द: धाकटी बसव." मी ते वाचलं, पत्रिका टेबलावर उलटी ठेवली आणि बाहेर जाऊन एका ट्रकची काच उतरवली. ती उतरवायची नव्हती. ड्रायव्हर ओरडायला लागला तेव्हा भानावर आले.

तू विसरली असशील, किंवा विसरल्याचं सोंग तरी नीट वठवत असशील, म्हणून पुन्हा लिहिते. आजारपणात बाबांचं अर्धं अंग गेलं आणि बोलणंही अर्धं गेलं. शब्द यायचे, पण शब्दांची शेपटं गळून पडायची. सगळ्यात आधी गळला तो "ला". "आई बोलव" म्हणायचे, आपण आईला बोलवायचो. "मांजर दूध दे" म्हणायचे, आपण मांजराला दूध द्यायचो. तुझा नवरा भेटायला आला तेव्हा म्हणाले, "जावई खुर्ची दे." तेव्हा तू जावयाला खुर्ची दिलीस. खुर्चीला जावई दिला नाहीस. सगळ्यात लवकर त्यांची भाषा तुलाच कळायला लागली होती. डॉक्टरांना तूच अर्थ सांगायचीस. त्या दिवसांत तुला "ला" लागत नव्हता.

आणि मग ती दुपार. कारखाना आता कोण बघणार म्हणून सगळे त्यांना विचारून हैराण करत होते. तू पलंगावर त्यांचा हात धरून बसली होतीस. मी चहा घेऊन दारात आले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग तुझ्याकडे, आणि म्हणाले, "आता धाकटी बसव." तू क्षणभरही थांबली नाहीस. "हो बाबा, उद्याच बसवते. लाल गाडीला पट्टीच शोभेल." बाबांनी डोळे मिटले ते परत काही बोलले नाहीत. मानसुद्धा हलवली नाही. ती हलत नव्हतीच म्हणा.

लाल गाडी कोण चालवणार हेच तेव्हा ठरलं नव्हतं. आत बसणारा माणूस समोर असल्याशिवाय बाबा पट्टी बसवा म्हणतील? आयुष्यात एकदा तरी म्हणाले होते? ते काचेबद्दल बोलत नव्हते. त्यांच्या खुर्चीत धाकटीला बसव म्हणत होते. तुला कळलं होतं. तुझे कान लाल झाले होते, मी पाहिले.

खुर्ची गेली त्याचं मला पहिल्या वर्षी फार वाईट वाटलं, आता तेवढं वाटत नाही. पण बाबा गेल्यावर घरात सगळे जमले होते, तेव्हा मी हे आईपुढे बोलले. आई तुझ्याकडे बघायला लागली. तू म्हणालीस, "मला तर गाडीचंच बोलले असं वाटलं." बस, एवढंच. किती सभ्यपणे म्हणालीस. आणि आई मला म्हणाली, "गेलेल्या माणसाच्या तोंडात शब्द कोंबू नकोस." त्यानंतर तिनं माझा एकही फोन घेतलेला नाही. आईच्या लेखी मी बापाच्या नावावर खोटं बोललेली मुलगी आहे. ते मला अजून जाळतं, आणि त्यासाठी मी तुला कधी सोडणार नाही.

आता तुम्ही तेच शब्द सोन्यात छापलेत. मी आईकडे जाऊन पत्रिका तिच्या हातात देईन आणि म्हणेन, यात एक अक्षर कमी आहे. ती विश्वास ठेवणार नाही, हे मला माहीत आहे. पण तुला ते सांगून ठेवते.

धाकटी


१२ मार्च

प्रिय ताई,

मागचं पत्र रागाच्या भरात लिहिलं गेलं. मनावर घेऊ नकोस.

विचार केला आणि वाटलं, बाबांची गाडी आहे, दुसऱ्या कुणाचा हात लागण्यापेक्षा मीच करून द्यावं. जुना लाकडी साचा माझ्याकडेच आहे. तुमच्या यादीत तो आला नव्हता, कारण मी त्यावर कपडे वाळत घालायचे. भट्टीत अॅक्रिलिक मऊ केलं, साच्यावर फ्लॅनेल घालून पसरलं, हातमोजे घालून कडा दाबत बसले. बुडबुडा नाही, ओरखडा नाही. तुझ्यासाठी काही करताना माझा हात इतका कधी रमला नव्हता.

तू लिहिलंस, "मला मापाला यायला सवड नाही, तू मला लहानपणापासून बघतेस, अंदाजानं कर." केलं. खोक्यात भरून पाठवते आहे. चार स्क्रू आहेत, त्यांच्याखालचे रबरी वायसर विसरू नका, स्क्रू फार आवळू नका, नाहीतर भोकापाशी तडा जाईल.

दोन गोष्टी सुचवते. एक म्हणजे गॉगल घालू नकोस. फोटोत चेहरा दिसायला हवा, लोक संस्थापकाच्या मुलीला बघायला येणार. हेल्मेट तर मुळीच नको. दुसरं, भाषण आधी ठेवू नका. आधी मैदानाला फेरी मारून ये, चांगली जोरात मार, आणि उतरल्या उतरल्या माइक हातात घेऊन बाबांचे शब्द म्हण. फार परिणाम होईल.

आईला पुढच्या रांगेत बसव.

तुझी,
धाकटी


२ एप्रिल

ताई,

मी आले होते. मागे कुंपणाच्या जाळीशी, टायरच्या ढिगाजवळ उभी होते. मला काय बघायचं होतं ते आता लिहून टाकते, लपवण्यासारखं काही उरलेलं नाही.

ती पट्टी मी माझ्या मापाची केली होती. आमच्या दुकानामागे बाकावर बसून, काठाला धागे लावून, माझ्या डोक्यावरून वारा जाईल अशी. म्हणजे तुझ्या तोंडावर तो नेमका येणार, नाकाखाली आणि डोळ्यांत. कामाच्या बाबतीत मी खोटं बोलत नाही असं पहिल्या पत्रात ऐटीत लिहिलं होतं. बोलले. तू दात विचकत, डोळे चोळत, केसांचं घरटं होऊन उतरशील, माइकसमोर खोकशील, आणि बाबांचे शब्द तुझ्या घशात अडकतील, असा बेत होता. चारचौघांत तोंडघशी पडशील. आई बघेल. मला एवढंच हवं होतं.

पहिल्या वळणापर्यंत सगळं मनासारखं झालं. समोरच्या सरळ रस्त्यावर तू वेग घेतलास आणि तुझं डोकं मागे फेकलं गेलं. मला इतकं बरं वाटलं की मी जाळीला धरून हसले. शेजारचा फोटोवाला बघायला लागला.

मग तू थांबलीस. उतरलीस. गालांवरून पाणी वाहत होतं, अगदी कानांपर्यंत, नाक लाल झालेलं. माइक घेतलास. "माझे बाबा," म्हणालीस आणि पुढे आवाजच फुटेना. एक बाई हुंदका देऊन मोकळी झाली. कंपनीचा मोठा साहेब उठून उभा राहिला, मग सगळेच उभे राहिले, टाळ्या थांबेनात. आणि आई, जिच्यासाठी मी एवढा खटाटोप केला, ती पुढच्या रांगेतून उठली, चालत तुझ्यापर्यंत आली आणि पदरानं तुझं तोंड पुसलं.

तुझी फजिती करायला मी दोन आठवडे खपले आणि तुला बापाच्या आठवणीनं रडणारी लेक करून ठेवलं. माझ्या वाऱ्यानं. दुसऱ्या दिवशी पेपरात तोच फोटो. आमच्या दुकानात काम करणारी बाई तो फोटो बघून म्हणाली, "किती जीव असेल हो बापावर." मी तिला कामाला लावलं.

माझ्या डोळ्यांसमोर तू माझी आईसुद्धा पुन्हा एकदा नेलीस. आता मला खरंच सुचत नाही की तुझं काय करावं. पण सुचेल.

धाकटी


१७ एप्रिल

ताई,

तुझा फोन येऊन गेल्यावर लिहिते आहे. फोनवर मी दोन प्रश्न विचारले, बाकी नुसतीच ऐकत राहिले. मला भांडणही लिहूनच जमतं.

तू म्हणालीस, "पट्टी खोक्यातून काढली तेव्हाच कळलं. ही तुझ्या मापाची होती. मी काय बाबांच्या कारखान्यात फक्त चहा प्यायले का?" मी म्हटलं, "मग बसवलीस कशाला?" तू म्हणालीस, "मला रडायचं होतं गं. इतकी वर्षं जमत नव्हतं. कुणी विचारलं असतं तर काय सांगणार होते? वाऱ्यानं आलं असं सांगता येणार होतं."

आणि मग मी विचारलं ते. "तो ‘ला’ तुला ऐकू आला होता का?" तू म्हणालीस, "‘ला’ नव्हताच. पण कळलं होतं."

किती साधेपणानं म्हणालीस. या एका वाक्यासाठी मी काय काय करत होते. तुला वाटलं असेल मी विरघळेन, फोनवर दोघी रडू. मी फोन ठेवून अर्धवट राहिलेली ट्रकची काच बसवायला गेले. आता माझ्याकडे तुझी कबुली आहे आणि तिचं काही करता येत नाही, कारण लगेच पुढे तू काय म्हणालीस? "आईला आता सांगू नकोस. तिला सहन होणार नाही. तिची झोप उडेल." तिच्या झोपेची काळजी तुला आहे, बरं आहे. माझ्या झोपेचं कुणी काही विचारलं नाही. ती ज्या मुलीचा फोन घेत नाही, त्या मुलीलाही काही सहन करावं लागत असेल, हे तुमच्या घरात कुणाच्या डोक्यात येत नाही.

मोठी बहीण म्हणून तू माझी माफी मागितलीस. मी दिलेली नाही. गोड बोलून मला कंपनीत काचविभागाची प्रमुख केलं की तुझं पाप धुतलं जाईल, असं तुझ्या मनात असेल तर तेही नको. तुमच्या इंजिनिअरचा मला फोन आला होता. समारंभाच्या दिवशी ज्यांनी नव्या गाडीतून फेऱ्या मारल्या त्यातले निम्मे डोळे चोळत घरी गेले म्हणे. उंच बुटक्या सगळ्यांना एकाच मापाची पट्टी. दुसरं काय होणार होतं? आता गिऱ्हाईकाला दोन्ही पर्याय द्यायचे आहेत, आणि पूर्ण काच कशी असावी ते त्यांना माझ्याकडून हवंय. ते मी करीन. माझ्या दुकानातून, माझ्या नावानं. तुझा त्यात संबंध नाही.

आईला बाबांच्या गाडीतून फिरायचंय, असंही म्हणालीस. पट्टी काढून काहीतरी नीट बसवून दे म्हणालीस. ते मात्र मी लगेच केलं आहे. उद्या टेम्पो येईल. त्यात पूर्ण काच आहे, चौकटीसकट, दोन्ही बाजूंच्या छोट्या काचांसकट, म्हणजे मागून वळणारा वाराही अडेल. गाडीचं तोंड बोजड दिसेल, तुझ्या कंपनीला आवडणार नाही. माझा माणूस बसवून देईल, त्याला चहा दे आणि मध्ये मध्ये करू नकोस.

या खेपेला काही खोट ठेवलेली नाही. तुझ्याच मापाची आहे. पेपरात तुझा गाडीत बसलेला फोटोही होता, त्यावरून काढलं, सीटच्या पाठीपासून तुझ्या कपाळापर्यंत. धागेसुद्धा लावून पाहिले. एकही धागा तुझ्याकडे वळत नाही.

रविवारी आईला शेजारी बसव आणि गावाबाहेरच्या लांब रस्त्यानं ने. पट्टीमागे शेजारच्याचं बोलणं कानात शिरत नाही, ओरडावं लागतं. या काचेमागे हळू बोललेलंही ऐकू येतं. मला जे फोनवर सांगितलंस ते तिला त्याच साध्या आवाजात सांग. सांगितलं नाहीस तर सोमवारी मी तुमच्या दारात उभी असेन, आणि मला तुझ्यासारखं सभ्य बोलता येत नाही.

तिच्यापुढे रडू येईल तुला. येऊ दे. ती बघेल आणि विचारेल, काय झालं गं. तेव्हा वारा लागला म्हणून सांगता येणार नाही. आत वारा येतच नाही.

धाकटी